बत्तिसावा सेकंद

रात्रीचे दोन वाजून गेले होते. ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण तीरावरील एका शहरात, एका रुग्णालयाच्या प्रसूतिविभागातील फोन वाजला. कामावर असलेल्या डॉक्टरांनी तो लगेच उचलला. "हॅलो, बोला." पलीकडून शब्द आला नाही. त्यांनी पुन्हा विचारले, आवाज चढवून विचारले, आणि थोड्याच वेळात फोन आपोआप बंद झाला. दोन मिनिटांनी तो पुन्हा वाजला आणि पुन्हा तेच घडले.

पलीकडे, डोंगराळ भागातील एका आरोग्य उपकेंद्रात, डॉक्टरांचा प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येत होता. तिथला तरुण आरोग्य अधिकारी जिवाच्या आकांताने ओरडून सांगत होता, की गर्भवतीचा रक्तदाब वाढला आहे, तिला झटके येत आहेत, मॅग्नेशियम सल्फेट हाताशी आहे, मात्रेची खात्री करून हवी आहे. त्याला सारे ऐकू येत होते. त्याचे मात्र कुणालाच ऐकू जात नव्हते. अखेर तिथल्या परिचारिकेने त्याच डॉक्टरांचा खासगी मोबाइल क्रमांक शोधून काढला. त्या खटपटीत अकरा मिनिटे गेली. आई आणि बाळ दोघेही वाचले. पण ती अकरा मिनिटे रुग्णालयाच्या तक्रारवहीत एका ओळीत नोंदली गेली : 'फोनवर आवाज येत नाही, मध्येच कट होतो.'

ही ओळ वाचणारी व्यक्ती होती रुग्णालयाच्या संगणक विभागातील एक तरुण अभियंता. नोकरीला लागून तिला वर्षही झाले नव्हते. तिने वहीची मागची पाने उलटली. तशीच ओळ गेल्या चार महिन्यांत वेगवेगळ्या हस्ताक्षरांत अनेकदा आली होती आणि प्रत्येक नोंदीपुढे एकच शेरा होता : 'नेट स्लो.'

त्या शेऱ्यावर तिचा विश्वास बसेना. हिशेब सोपा होता. साध्या, न दाबलेल्या स्वरूपातला आवाज इंटरनेटवरून पाठवायचा तर दर सेकंदाला ५० पॅकेट जातात आणि एका दिशेला सुमारे ८० किलोबिट प्रतिसेकंद एवढी क्षमता लागते. रुग्णालयात एका वेळी फार तर ६० संभाषणे चालत. त्यांना मिळून ४.८ मेगाबिट पुरत. जोडणी होती १०० मेगाबिटची. शिवाय मंद जोडणीमुळे आवाज तुटक येतो, घोगरा होतो, उशिरा पोहोचतो. एका बाजूला लख्ख आणि दुसऱ्या बाजूला संपूर्ण शांतता, असा भेदभाव मंद जोडणी करत नाही.

मग तिने एक साधी गोष्ट केली. बिघडलेल्या प्रत्येक कॉलचा कालावधी नोंदींमधून काढून एका कागदावर लिहिला. बत्तीस सेकंद. बत्तीस सेकंद. पुन्हा बत्तीस. अपघात असा घड्याळ लावून येत नाही. कुठेतरी कुणीतरी मोजत होते, आणि मोजून झाल्यावर फोन ठेवून देत होते.

रुग्णालयाची जुनी तांब्याच्या तारांची दूरध्वनी यंत्रणा दोन वर्षांपूर्वी काढून टाकण्यात आली होती. तिच्या जागी ॲस्टेरिस्क या मुक्त प्रणालीवर चालणारा एक सर्व्हर बसवला होता. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर या तरुणाने स्वतःच्या छोट्या उद्योगाला महागडे एक्स्चेंज परवडत नाही म्हणून ही प्रणाली लिहायला घेतली, आणि आज जगभरातील असंख्य संस्थांचे फोन तिच्यावर चालतात. या सर्व्हरच्या आणि बाहेरच्या जगाच्या मध्ये फायरवॉल उभी होती. कोणते पॅकेट आत घ्यायचे आणि कोणते दारातूनच परत पाठवायचे, हे ठरवणारे ते उपकरण.

फोन बसवून देणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाला तिने बोलावले. त्याने पाच मिनिटांत निदान केले, की दोष फायरवॉलचा आहे, आणि सर्व्हरकडे जाणारी सारी दारे त्याने जगासाठी सताड उघडली. जाताना म्हणाला, "आता काही अडणार नाही."

अडायचे ते अडतच राहिले. दुसऱ्या दिवशीही तक्रारवहीत तीच ओळ आली. फरक एवढाच, की त्या रात्री सर्व्हरच्या नोंदींमध्ये हजारो अनोळखी भेटी दिसू लागल्या. १००, १०१, १०२ असे अंतर्गत क्रमांक ओळीने घेऊन कुणीतरी त्यांचे पासवर्ड ओळखण्याचा प्रयत्न करत होते. अशा भेटींत 'फ्रेंडली स्कॅनर' असे गोड नाव सांगणारे एक साधन नेहमी आढळते, तेही होते. एखादा पासवर्ड जुळला असता तर रात्रभर परदेशांतील महागड्या क्रमांकांवर फोन झाले असते आणि बिल रुग्णालयाच्या नावे आले असते. इंटरनेट दूरध्वनीच्या जगात ही चोरी जुनी आणि किफायतशीर आहे. पहाटे पाच वाजता तिने सारी दारे पुन्हा बंद केली. सरसकट उघडेपणाने आवाज आला नव्हता, फक्त चोर आले होते.

सकाळी ती दादांकडे गेली. दादा रुग्णालयाच्या जुन्या एक्स्चेंजचे तंत्रज्ञ. निवृत्तीला वर्ष उरले होते आणि तांब्याच्या तारा गेल्यापासून त्यांच्याकडे फारसे काम नव्हते. तरुणपणी त्यांनी सी-डॉटची ग्रामीण एक्स्चेंजे सांभाळली होती. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेने बनवलेले १२८ जोडण्यांचे पहिले ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले होते. परदेशी एक्स्चेंजना वातानुकूलित खोली लागे. हे यंत्र मात्र भारतीय गावातील उष्णता, धूळ आणि बेभरवशाची वीज गृहीत धरूनच घडवले होते. दादा अजूनही त्याबद्दल अभिमानाने बोलत.

"माजनी," दादा म्हणाले. असमियात लहान मुलीला मायेने असे म्हणतात. "आमच्या काळी घंटी ज्या दोन तारांवरून यायची, त्याच दोन तारांवरून आवाजही यायचा. घंटी वाजली म्हणजे वाट शाबूत आहे, हे कळायचे. तुमच्याकडे घंटी वाजते आणि आवाज येत नाही. म्हणजे दोघांच्या वाटा वेगळ्या असल्या पाहिजेत."

दादांना सिप किंवा आरटीपी ही नावे ठाऊक नव्हती. पण त्यांनी बोट अचूक ठिकाणी ठेवले होते.

इंटरनेट दूरध्वनीत एका संभाषणाचे खरोखरच दोन भाग होतात. पहिला भाग निरोपांचा : मी बोलू इच्छितो, घंटी वाजते आहे, फोन उचलला, फोन ठेवला. हे निरोप सिप या नियमावलीनुसार जातात. तिची आज रूढ असलेली आवृत्ती २००२ ची, आणि तिचा नेहमीचा पोर्ट ५०६०. दुसरा भाग प्रत्यक्ष आवाजाचा. तो आरटीपी या वेगळ्या नियमावलीने, वेगळ्या पोर्टवरून, हजारोंच्या पल्ल्यातून त्या त्या वेळी निवडलेल्या क्रमांकांवरून जातो. कोणता पत्ता आणि कोणता पोर्ट, हे दोन्ही बाजू सिपच्या निरोपातच एकमेकींना लिहून कळवतात. फायरवॉलला निरोपाचा दरवाजा ठाऊक असतो. आवाजाचा दरवाजा मात्र दर वेळी नवा असतो आणि त्याचा क्रमांक पत्राच्या आत लिहिलेला असतो.

तिने सर्व्हरवर आणि फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूला, अशा दोन्ही ठिकाणी पॅकेट पकडून साठवायला सुरुवात केली. दोन दिवसांत बिघडलेले नऊ कॉल हाती लागले. एकेका कॉलचे निरोप छापून तिने टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. आतून निघालेले पत्र आणि बाहेर पडलेले पत्र.

येथे एक जुनी अडचण समोर येते. इंटरनेटचे मूळचे पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत, हे १९९० च्या दशकातच दिसू लागले होते, आणि १९९४ मध्ये पत्तांतराची, म्हणजे नॅटची, युक्ती मांडली गेली. संस्थेच्या आत शेकडो यंत्रांना खासगी पत्ते द्यायचे आणि बाहेर जाताना सर्वांच्या पाकिटावर एकच सार्वजनिक पत्ता लिहायचा. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातील शेवटचे पत्ते वाटून संपले. त्यानंतर या युक्तीवाचून गत्यंतरच उरले नाही. संकेतस्थळ पाहताना ती उत्तम चालते, कारण तिथे उत्तर पाकिटावरच्या पत्त्यावर येते. इंटरनेट फोनमध्ये मात्र आवाज कुठे पाठवायचा, हे पाकिटाच्या आतल्या पत्रात लिहिलेले असते. पाकिटावर शहराचे नाव आणि पिनकोड व्यवस्थित, पण आत मजकूर असा : 'उत्तर नामघराच्या मागच्या तिसऱ्या घरी पाठवा.' गावातल्या माणसाला तो पत्ता पुरतो. बाहेरच्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही.

टेबलावरच्या नऊही पत्रांत नेमके हेच होते. सर्व्हरने आपला पत्ता १९२.१६८.१०.५ असा, अंतर्गत, लिहिला होता. दूरसंचार कंपनीची यंत्रणा उपकेंद्रातल्या माणसाचा आवाज त्या पत्त्यावर पाठवत होती आणि बाहेरच्या जगात असा पत्ता कुठे पोहोचतच नाही. डॉक्टरांचा आवाज जात होता, कारण कंपनीने आपला पत्ता खरा लिहिला होता.

बत्तीस सेकंदांचे कोडेही तिथेच उलगडले. फोन उचलल्यावर सर्व्हर तसा निरोप पाठवतो आणि 'पोचले' अशा उत्तराची वाट पाहतो. उत्तर न आल्यास तो अर्ध्या सेकंदाने निरोप पुन्हा पाठवतो, मग एका सेकंदाने, मग दोन, मग दर चार सेकंदांनी. ही वाट पाहण्याची मर्यादा नियमावलीतच ठरलेली आहे : अर्ध्या सेकंदाची चौसष्ट पट, म्हणजे बत्तीस सेकंद. 'पोचले' हा निरोपही त्याच निरुपयोगी पत्त्याकडे जात होता. तिने पत्रे मोजली. सर्व्हरने प्रत्येक वेळी एकच निरोप अकरा वेळा पाठवला होता आणि पलीकडे कुणी नाही असे समजून अखेर फोन ठेवून दिला होता. दोन माणसांमध्ये जोडणी झालेली असताना यंत्राने निष्कर्ष काढला होता, की जोडणी झालीच नाही.

तरीही एक प्रश्न उरला होता. दोष एवढा मूलभूत असेल तर प्रत्येकच कॉल बिघडायला हवा. बहुतेक कॉल तर सुखरूप होत होते. का?

उत्तर फायरवॉलच्या एका सोयीत दडले होते. अनेक उपकरणांत 'सिप एएलजी' नावाचा एक मदतनीस असतो आणि पुष्कळदा तो मुळातच चालू असतो. तो जाणारे पत्र उघडतो, आतला खासगी पत्ता खोडतो, तिथे सार्वजनिक पत्ता लिहितो आणि आवाजासाठी नेमके दार तेवढ्यापुरते उघडतो. कल्पना उत्तम. पण पत्र लांबले की या मदतनिसाची दमछाक होते. निरोप ज्या ज्या मध्यस्थ यंत्रांतून येतो, ती यंत्रे त्यावर आपापले शिक्के उमटवत जातात आणि उत्तरात ते शिक्के तसेच परत लिहावे लागतात. जवळचा कॉल म्हणजे छोटे पत्र. दूरवरून, अनेक जाळ्यांमधून आलेला कॉल म्हणजे लांबलचक पत्र. पॅकेटची १५०० बाइटची नेहमीची मर्यादा ओलांडली की पत्राचे दोन तुकडे होतात. त्या उपकरणातील मदतनिसाला तुकड्यांतले पत्र वाचता येत नव्हते आणि तो ते न बदलता तसेच पुढे सोडत होता.

म्हणजे शहरातल्या शहरात केलेले फोन नीट लागत. चाचणीसाठी ठेकेदाराने शेजारच्या खोलीतून केलेला फोनही नीट लागला होता. बिघाड होत होता तो सर्वांत दुरून, सर्वांत अधिक टप्पे ओलांडून येणाऱ्या हाकेचा. ज्यांच्यासाठी ही सेवा होती, नेमका त्यांचाच.

ही गोष्ट उमगल्यावर ती बराच वेळ त्या कागदांपुढे बसून होती. दोष लपून राहिला होता तो यंत्र पूर्ण निकामी नव्हते म्हणून. मदतनीस काहीच करत नसता, तर पहिल्याच दिवशी एकही फोन लागला नसता आणि दुरुस्ती तिथल्या तिथे झाली असती. तो बहुतेक वेळा बरोबर होता. आणि त्या 'बहुतेक वेळा'च्या आड चार महिने एक संपूर्ण डोंगराळ जिल्हा मुका झाला होता.

दुरुस्तीत चमत्कार नव्हता, नेमकेपणा होता. तिने आधी सिप एएलजी बंद केला. मग सर्व्हरलाच शिकवले, की तुझा बाहेरचा पत्ता हा, घरातले पत्ते हे, आणि घराबाहेर पत्र लिहिताना बाहेरचाच पत्ता लिहीत जा. आवाजासाठी प्रणालीचा नेहमीचा पल्ला १०,००० ते २०,००० पोर्टचा. एका संभाषणाला दोन पोर्ट लागतात, ६० संभाषणांना १२०. थोडी मोकळीक धरून तिने १०,००० ते १०,१९९ असे दोनशेच पोर्ट नेमले आणि सर्व्हर व फायरवॉल दोन्हींकडे तेच आकडे लिहिले. हे दोन आकडे एकमेकांशी न जुळणे हेही एकतर्फी आवाजाचे एक नेहमीचे कारण असते. हे पोर्ट आणि ५०६० चा दरवाजा तिने जगासाठी उघडला नाही. दूरसंचार कंपनीने लेखी दिलेल्या मोजक्या पत्त्यांसाठीच उघडला. लांब पत्रांचे तुकडे होऊन हरवू नयेत म्हणून कंपनीशी बोलून निरोपांची वाहतूक यूडीपीवरून टीसीपीवर नेली. सिपची नियमावलीही मोठ्या निरोपांसाठी हेच सुचवते.

दुसरी एक तक्रार याच ओघात सुटली. शहरातील दुसऱ्या इमारतीत ठेवलेले रुग्णालयाचे काही फोन अधूनमधून वाजतच नसत. ते फोन तासातून एकदा सर्व्हरकडे हजेरी लावत, पण त्यांच्या इमारतीतली फायरवॉल अर्धा मिनिट शांतता दिसली की त्यांच्यासाठी उघडलेली फट बुजवून टाकत असे. अशी फट किमान दोन मिनिटे उघडी राहावी, असे इंटरनेटच्या मानकांत २००७ पासून लिहिलेले आहे. सर्व उपकरणे ते पाळतातच असे नाही. तिने फट उघडी ठेवण्याचा काळ वाढवला आणि फोनना दर पंचवीस सेकंदांनी एक छोटे पॅकेट पाठवायला लावले. अंधारात सोबत चालणाऱ्यांनी मधूनमधून एकमेकांना हाक देत राहावे, तसे ते पॅकेट.

शेवटी तिने आवाजाच्या पॅकेटना रांगेत पहिली जागा दिली. एक्स-रेच्या चित्राला अर्धा सेकंद उशीर झाला तर कुणाचे बिघडत नाही. आवाजाला मात्र एका दिशेने १५० मिलिसेकंदांपेक्षा अधिक वेळ लागू नये, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. त्यापुढे माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

भारतात इंटरनेट दूरध्वनीला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. तेव्हा ती परदेशी नातेवाइकांशी स्वस्तात बोलण्याची सोय होती. आज देशाच्या आरोग्यसेवेचा मोठा भाग अशा दूरस्थ संवादावर उभा राहू पाहतो आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवणारा माणूस कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच आपले दुःख कुणाला सांगायला निघालेला असतो. अशी हाक कोणत्याही केंद्रात येवो, तिच्या वाटेवर कुठे ना कुठे एक फायरवॉल असते आणि तिचे नियम कुणीतरी लिहिलेले असतात. आयपीव्ही६ मुळे पत्त्यांचा दुष्काळ संपेल आणि भारत त्या वाटेवर जगात पुढच्या रांगेत आहे. पण पत्तांतर गेले तरी फायरवॉल राहणारच, आणि कोणाला आत घ्यायचे हा प्रश्नही राहणारच.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या मुसळधार पावसाच्या रात्री ती मुद्दाम थांबली. रुग्णालयाच्या दोन इंटरनेट जोडण्यांपैकी पहिलीची तार तिने स्वतःच्या हाताने उपसली आणि दुसरीवरून उपकेंद्राला फोन करायला सांगितले. फोन वाजला, पण आवाज पुन्हा एकाच बाजूने. दुसऱ्या जोडणीचा सार्वजनिक पत्ता वेगळा होता आणि सर्व्हर अजून पहिलाच पत्ता लिहीत होता. तिने जोडणी बदलताच सर्व्हरचा पत्ताही बदलेल अशी तजवीज केली, तार पुन्हा उपसली, पुन्हा फोन करायला लावला. दादा शेजारी घड्याळ धरून बसले होते. "सी-डॉटच्या यंत्राला आम्ही वीज घालवून घालवूनच तपासायचो," एवढेच ते म्हणाले.

महिन्याभराने त्याच उपकेंद्रातून, तशाच अपरात्री, फोन आला. या वेळी कारण साधे होते : नवजात बाळाला ताप, आणि औषधाच्या थेंबांविषयीची शंका. डॉक्टरांनी बाळाचे वजन विचारले, उत्तर ऐकले, मात्रा सांगितली, ती समोरच्याकडून पुन्हा वदवून घेतली. संभाषण चार मिनिटे दहा सेकंद चालले. तक्रारवहीत त्याची नोंद झाली नाही, होण्याचे कारणही नव्हते. दुसऱ्या दिवशी सर्व्हरच्या नोंदी चाळताना तिला ती ओळ दिसली. त्या कॉलमधला बत्तिसावा सेकंद कुणाच्याही लक्षात न येता निघून गेला होता.